डाक्तर व्हाले काय काय लागते

बाबांच्या पायावर कापसाची गाठ पडली नसती, तर मी जन्मभर बार्शीटाकळीजवळच्या आमच्या काळ्या रानात बैलांमागे निंदणीचे डवरे हाकत राहिलो असतो, आणि त्यात मला काही कमी वाटलं असतं असंही नाही. पण गाठ पडली. अमरावतीच्या कापूसबाजारात, भर दुपारी, गाडीवरून घरंगळत आली आणि बाबांचा डावा पाय घोट्याच्या वर मोडून गेली.

ते दिवस कापसाचे होते. तिकडे अमेरिकेत आपसात लढाई जुंपली होती, विलायतेच्या गिरण्यांना तिकडचा माल मिळेना, म्हणून वऱ्हाडातल्या बोंडाला कधी नव्हे तो भाव आला होता. अमेरिका पूर्वेला की पश्चिमेला हे आमच्या गावात कोणाला ठाऊक नव्हतं. पण तिथलं भांडण लवकर मिटू नये म्हणून मारुतीला नारळ फोडणारे पुष्कळ होते. आम्ही महानुभाव, आम्ही नारळ फोडत नव्हतो. पण फोडणाऱ्यांना बाबा अडवतही नव्हते. त्या भरात बाबांनी मुंबईहून भिंतीवरचं घड्याळ मागवलं होतं. ते बघून वेळ कोणाला सांगता येत नसे. ठोके पडायला लागले की शेजारचे लोक ओसरीत येऊन बसत आणि ठोके थांबले की आपापल्या कामाला जात.

तर पाय मोडला आणि बाबांना अमरावतीच्या दवाखान्यात ठेवलं. तिथले डॉक्टर कोकणातले, अंगानं काटकुळे, बोलायला शांत. मुंबईला शिकून सरकारी नोकरीत आलेले. बाबा पाय फळीला बांधून पडून होते, आणि पडल्यापडल्या त्यांना सगळा दवाखाना दिसत होता. एके सकाळी तिथे आमचे तहसीलदार आले. या माणसापुढे उभं राहायचं तर अख्ख्या तालुक्याच्या धोतराला घाम फुटत असे. त्यांची दाढ दुखत होती. डॉक्टरांनी त्यांना स्टुलावर बसवलं आणि म्हणाले, "आ करा." तहसीलदारांनी आ केला. "आणखी." त्यांनी आणखी केला.

मी त्या वेळी अकोल्याच्या इंग्रजी शाळेत होतो आणि बाबांना भेटायला आलो होतो. बाबांनी मला खाटेजवळ ओढलं.

"पाह्यलं का रे? ज्याच्यापुढे आपल्याले तोंड उघडता येत नाई, त्याचं तोंड ह्यानं उघडाले लावलं."

"हो बाबा."

"तुले हेच व्हाचं हाय."

मला काय व्हायचं होतं हे मला कोणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी मला सांगता आलं नसतं. बाबांनी डॉक्टर फेरी मारायला येताच त्यांना थांबवलं. "डाक्तरसायेब, ह्या माह्या पोराले डाक्तर कराचं हाय. काय काय लागते ते सांगा. मी मागवून घेतो."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मागवण्यासारख्या त्या गोष्टी नव्हत्या. विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा पास व्हायला हवी. तिच्यात इंग्रजी, गणित, इतिहास-भूगोल, थोडं सृष्टिविज्ञान आणि एक देशी भाषा. चांगल्या वर्तणुकीचा दाखला हवा, तोही इंग्रजीत आणि प्रतिष्ठित गृहस्थाच्या सहीचा. अंगानं निरोगी असायला हवं. "आणि एक गोष्ट कागदावर नाही, पण मी विचारतो," डॉक्टर म्हणाले. "रक्त पाहून हा उभा राहतो का? माझ्याबरोबरचे दोघे पहिल्याच महिन्यात घरी परतले. एक तर चांगला पैलवान गडी होता. हा उभा राहिलेला मी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय याला माझी शिफारस मिळायची नाही."

"राहीन तो उभा," बाबा म्हणाले. "आमच्या घरचा हाय."

घरी गेल्यावर कळलं की आमच्या घरच्याही अटी होत्या. मुंबईच्या कॉलेजात मेलेली माणसं फाडून दाखवतात, ही बातमी माझ्या आधीच गावात पोचली होती. मायनं भाकरी थापता थापता हात थांबवला.

"मुंगीवर पाय पडू नये म्हनून आमी खाली पाहून चालतो, अन् तू मानसं फाडशीन?"

"मेलेली, माय."

"मेलं म्हनून काय झालं? कोनाचं तरी लेकरूच ना ते."

माय म्हणाली, रिद्धपूरला जाऊ, तिथले महंतबाबा जे सांगतील ते खरं. मला आजही वाटतं की नकार घेऊनच परतायचं अशा तयारीनं ती निघाली होती, कारण परतल्यावर लगेच माझ्या सोयरिकीचं बघायला जायचं म्हणून नवं लुगडं तिनं वळकटीत बांधून घेतलं होतं. बैलांच्या दमणीतून आम्ही रिद्धपूरला पोचलो, दंडवत घातला. महंतबाबा फार म्हातारे होते, कानानं कमी ऐकू यायचं. मायनं सगळं मोठ्यानं सांगितलं. इतक्या मोठ्यानं की मठातली सगळी मंडळी हातातली कामं सोडून ऐकायला आली. महंतबाबा बराच वेळ डोळे मिटून बसले. झोपले असं आम्हाला वाटलं.

मग म्हणाले, "मेलेल्याले पाह्यल्यानं हिंसा होत नाई. जित्याले जपजो."

"मंग जाऊ द्यायचं का याले?" मायनं विचारलं.

"जाऊ दे. अन् बाकीच्या डाक्तरायलेही सांगजो म्हनावं, जित्याले जपा."

नवं लुगडं तसंच घरी परत आलं. पण घरी आल्याआल्या मायनं माझ्यासाठी तिळाचे लाडू करायला घेतले. तेव्हा मी समजलो की जायचं ठरलं.

राहिला वर्तणुकीचा दाखला. आमच्या शाळेचे हेडमास्तर दाखला द्यायला एका पायावर तयार होते, पण शाळेबाहेरच्या आणखी एका प्रतिष्ठित माणसाची सही हवी असं तेच म्हणाले. अकोल्यात इंग्रजी लिहिणारे प्रतिष्ठित गृहस्थ त्या हंगामात सगळे कापसात बुडालेले. बाबांची ओळख होती ती एका गोऱ्या साहेबाशी. तो विलायतेच्या व्यापाऱ्यांसाठी कापूस खरेदी करायचा, आणि आमचा माल दरसाल त्याच्याकडेच जायचा. बाबा काठी टेकत मला घेऊन त्याच्याकडे गेले.

साहेब गाठींच्या राशीत उभा होता. केसांत, भुवयांत, मिशांत रुईचे तंतू. बाबांनी काय हवं ते सांगितलं, मी त्याचं इंग्रजी केलं. साहेबाला बाबांबद्दल फार आदर होता, कारण आमच्या मालात कधी पाणी मारलेलं नसे की सरकी भरलेली नसे. तो आनंदानं "यस, यस" म्हणाला आणि एका गाठीवरच कागद ठेवून लिहायला लागला. पण लिहिता लिहिता त्याचा हात अडला. त्यानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. माझ्याभोवती एक चक्कर मारली. मग एकदाचं त्याला सुचलं आणि त्यानं भराभर लिहून, सही ठोकून, शाईवर वाळू टाकून कागद माझ्या हातात दिला.

बाहेर येऊन मी वाचला. त्याचा मराठीत अर्थ साधारण असा होता: सदर नमुना मी स्वतः तपासला आहे. माल वऱ्हाडचा, खात्रीच्या शेतातला. स्वच्छ, कोरडा, धागा मध्यम पण मजबूत. भेसळ आढळली नाही. लांबच्या प्रवासात खराब होणार नाही. पाठवण्यास योग्य.

"काय लिवलं?" बाबांनी विचारलं.

मी वाचून दाखवलं. बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. "भेसळ नाई म्हने!" ते म्हणाले. "सायेबानं असं कोनाच्याच मालाले लिवलं नाई आजवर." त्यांना वाटत होतं की याहून चांगला दाखला माणसाला मिळूच शकत नाही. दुसरा मागावा असं माझ्या फार मनात होतं, पण बाबांचं तोंड पाहून मी कागद घडी करून खिशात ठेवला.

मग राहिलं ते अमरावतीला जाऊन रक्तापुढे उभं राहायचं.

डॉक्टरांनी ज्या दिवशी बोलावलं, त्या दिवशी दवाखान्यात कापूसबाजारातला एक दलाल होता. पोट सुटलेला, गळ्यात सोन्याचा गोफ, आणि पाठीवर खांद्याच्या खाली नारळाएवढं गळू. ते कापणं भाग होतं. डॉक्टरांनी औषध हुंगवून बेशुद्ध करायचं ठरवलं होतं. बाटली पाहताच दलाल उठून बसला.

"बेसुद्द नाई होनार मी."

"दुखेल हो," डॉक्टर म्हणाले.

"दुखू द्या. बेसुद्दीत मानूस बडबडते. माह्या तोंडून उद्याचा भाव निंगून गेला तं?"

आणि दाराशी खरोखरच दोन-तीन माणसं उगीच घुटमळत होती. ती त्याची काळजी घ्यायला आलेली होती की भाव ऐकायला, हे देवच जाणे. डॉक्टरांनी हात टेकले. "बरं, शुद्धीत तर शुद्धीत. चार बोटं लांब कापावं लागेल."

"चार?" दलाल ओरडला. "चार बोटं म्हन्जे काय गंमत हाय? अन् असं लोकायच्या समोर तोंडानं सांगते का कोनी?"

डॉक्टर गोंधळले. मला मात्र लगेच उमगलं. लहानपणापासून बाबांबरोबर बाजारात बसलो होतो मी. कापसाचा भाव कोणी तोंडानं बोलत नाही. दोघांच्या हातांवर रुमाल टाकतात आणि आत बोटं दाबून ठरवतात, म्हणजे तिसऱ्याला कळत नाही. दलालाला कापून घ्यायला हरकत नव्हती. त्याची हरकत होती ती चारचौघांत ठरवायला. मी पुढे झालो, खांद्यावरचं उपरणं काढलं, त्याच्या हातावर टाकलं आणि माझा हात आत घातला.

चार बोटं दाबली.

त्यानं मान हलवली आणि माझं एकच बोट दाबलं.

मी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी मान हलवून नाही म्हटलं. मी पुन्हा चार दाबली. तो डोळे बारीक करून माझ्याकडे बघत राहिला, मग तोंड फिरवलं, उठायचं सोंग केलं, पुन्हा बसला. दोन बोटं. मी चेहरा पडल्यासारखा केला, बाबा करायचे तसा. दाराशी उभे असलेले लोक माना लांब करून बघत होते. शेवटी तीनवर आला. मी डॉक्टरांच्या कानाशी वाकून म्हणालो, "तीन म्हणतात."

डॉक्टर एक क्षण विचारात पडल्यासारखे दिसले. "तुमच्यासाठी म्हणून तीन," ते दलालाच्या कानात म्हणाले.

"पक्कं?"

"पक्कं."

तो समाधानानं पालथा झाला, पण उपरण्याखालचा माझा हात त्यानं सोडला नाही. डॉक्टरांनी सुरी चालवली. पुढे काय झालं ते मी सांगू शकत नाही, कारण माझ्या डोळ्यांपुढे आधी पिवळं आणि मग काळं झालं. कानात सरकी काढायचा रेचा फिरल्यासारखी घरघर सुरू झाली. मी खाली पडलो नाही याचं एकच कारण होतं: दलालानं माझी बोटं अशी आवळली होती की मला पडायला जागाच नव्हती. त्याला जितकं दुखे तितका तो मला आपल्याकडे ओढी. डोळ्यांपुढचं काळं सरलं तेव्हा डॉक्टर पट्टी बांधत होते, आणि दलाल मला हळूच विचारत होता, "तीनच ना? मोजलं ना तुमी?"

"तीनच," मी म्हणालो. मी काही पाहिलं नव्हतं.

डॉक्टरांनी हात धुतले आणि शिफारस लिहायला बसले. मी उभा राहिलो, हे त्यांनी लिहिलं. कसा राहिलो हे मी त्यांना तिथेच सांगून टाकलं. ते हसले. "उभं राहणं महत्त्वाचं. पहिल्या वेळी मला भिंतीनं धरलं होतं." मग कलम बुडवत म्हणाले, "आणि मला तीनच बोटं हवी होती. दोन वर्षं झाली मला अमरावतीत. पहिल्यांदा चारच सांगायचं, हे आता मलाही येतं."

आगगाडी अकोल्यापर्यंत नुकती आली होती. तिच्यात माणसांपेक्षा गाठी जास्त. मी एका डब्यात गाठींच्या सोबतीनं मुंबईला पोचलो, आणि उतरलो तेव्हा साहेबाच्या दाखल्यात लिहिल्याप्रमाणे फारसा खराब झालेलो नव्हतो.

परीक्षेची तयारी मी जिवापाड केली होती. हेडमास्तरांनी इंग्रजी घोकून घेतलं होतं, गणितात मला गोडी होती, सृष्टिविज्ञानाचं पुस्तक तर पाठच झालं होतं. देशी भाषा म्हणून मी मराठी घेतली होती. मराठीची तयारी करावी असं मला सुचलं नाही, हेडमास्तरांना सुचलं नाही, बाबांना तर नाहीच. आईच्या दुधाबरोबर आलेली भाषा, तिची तयारी कसली?

लेखी झाली. मग तोंडी. समोर पुण्याचे एक शास्त्रीबुवा, डोक्यावर ठसठशीत पगडी. त्यांच्यासमोर माझी उत्तरपत्रिका होती आणि ते तिच्याकडे दाताखाली खडा आल्यासारखे बघत होते.

"'मी त्याले म्हणालो.' हे काय आहे?"

"मी त्याले म्हणालो, जी."

"त्याले?"

"हो. त्याले."

"ही कोणती विभक्ती?"

मी विचार केला. "घरची," म्हणालो.

शास्त्रीबुवांनी पगडी सरळ केली. "तुम्ही कुठले?"

"अकोल्याचा."

"तिकडे मराठी बोलत नाहीत काय?"

"बोलून राह्यले ना जी!" मी अगदी कळवळून म्हणालो. "आता काय करून राह्यलो मी?"

शास्त्रीबुवांनी दोन्ही हात कानांवर ठेवले. वाईट माणूस नव्हता तो. त्यांना खरंच दुखलं असावं.

इंग्रजीत पास. गणितात पास. इतिहास-भूगोलात पास. सृष्टिविज्ञानात चांगला पास. मराठीत नापास. आणि एकात नापास म्हणजे सगळ्यातच नापास.

मी गावात परतलो त्याच सुमारास अमेरिकेतली लढाई मिटल्याची बातमी आली. दोन्ही बातम्या एकाच आठवड्यात गावात पोचल्या. भाव उतरणार हे ऐकून लोक काळजीत पडायला हवे होते. पण माझी बातमी त्याहून मोठी ठरली. लोक घड्याळाचे ठोके ऐकायला यायचे तसे मला ऐकायला यायला लागले.

"बोलून दाखव बरं काही," एक म्हातारा म्हणाला.

"काय बोलू?"

"अरे, चांगलं तं बोलते! नापास कसा झाला?"

बाबांना हे समजूनच घेता येईना. "इंग्रजीत झाला अस्ता तं मी काई म्हनलं नस्तं," ते म्हणत. "ते परक्यायचं हाय. पन मराठीत काहून?" मायला घेऊन मुंबईला जावं आणि मी मराठीच बोलतो अशी तिची साक्ष काढावी, असा त्यांचा विचार चालला होता. माय चुलीपुढे बसून फार वेळ विचार करत होती. शेवटी तिनं विचारलं, "मंग इतकी वर्सं तू माह्यासंग कोनत्या भाषेत बोलून राह्यला होता रे?"

मी हसायला लागलो, आणि हसता हसता मला रडू फुटलं. मायनं मला जवळ घेतलं. तिला वाटलं मी नापास झालो म्हणून रडतोय. ते खरं होतंही. पण तिला जे येत होतं ते कोणीतरी मराठी नव्हे म्हटलं, हे मला जास्त लागलं होतं, आणि ते तिला सांगायचं कसं हे मला सुचेना.

पुन्हा बसायचं ठरलं. हेडमास्तर म्हणाले, पुणेरी मराठी शीक. मी आठ दिवस प्रयत्न केला. "मला" म्हणायचं म्हटलं की जीभ अडखळे आणि "मलाले" असं काहीतरी बाहेर पडे. तेव्हा अमरावतीच्या डॉक्टरांनीच तोड सुचवली. देशी भाषांत हिंदुस्तानी, म्हणजे उर्दूही चालते. "ती तुझी घरची नाही ना?" ते म्हणाले. "मग ती तुला नीट शिकावी लागेल. पास होशील."

अकोल्याच्या जुन्या शहरात, किल्ल्याच्या अंगाला, एक वृद्ध मौलवीसाहेब राहत. त्यांनी आयुष्यभर मुलं शिकवली होती, पण आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता आणि शिकवणं थांबलं होतं. बाबांनी त्यांच्या म्हशीसाठी गाडीभर सरकी पाठवली आणि मागून मला पाठवलं. मौलवीसाहेब माझ्याशी चांगलं वऱ्हाडी बोलले. "काय बाप्पा, मराठीत नापास झाले म्हन्ते तुमी?" म्हणून खळखळून हसले. मग बैठक मारली आणि त्या क्षणापासून वर्षभर, धडा सुरू असेपर्यंत, वऱ्हाडीचा शब्द काढला नाही, मलाही काढू दिला नाही. मी "मेरेकू" म्हटलं की हातातली छडी जमिनीवर आपटत. "मुझे!" मी म्हणायचो, "मुझे." इथंही 'त्याले'सारखी भानगड होतीच, पण इथं ती मला आधीपासून ठाऊक होती.

सगळं त्यांना तोंडपाठ होतं. पुस्तक लागत नसे. अडचण एकच, माझं लिहिणं त्यांना दिसत नसे. त्यावर त्यांनी व्यवस्था केली होती. खोलीच्या आतल्या दाराला पडदा होता आणि पडद्यामागे त्यांच्या बीबी बसत. त्यांना उत्तम वाचता येई. मी पाटीवर लिहायचो आणि पाटी पडद्याखालून सरकवायचो. आतून बांगड्या वाजायच्या आणि मग आवाज यायचा, "दुरुस्त है." क्वचित एखादा शब्द चुकला असं सांगत. पाटी परत येई. मौलवीसाहेब खुश होऊन म्हणत, "शाबाश. लड़के की लिखावट अच्छी मालूम होती है." वर्षभर मी त्या बाईंचं बोटही पाहिलं नाही, पण मी खोकलो की दुसऱ्या दिवशी पाटीबरोबर पडद्याखालून आल्याचा तुकडा आणि गूळ येत असे.

दुसऱ्या खेपेला मी पास झालो. हिंदुस्तानीत तर बऱ्यापैकी वर.

कॉलेजच्या प्रमुखांनी माझे कागद पाहिले. पांढऱ्या कल्ल्यांचे, कडक चेहऱ्याचे गोरे गृहस्थ. हेडमास्तरांचा दाखला पाहिला, डॉक्टरांची शिफारस पाहिली, मग कापसाच्या साहेबाचा कागद उचलला. वाचला. पुन्हा वाचला. शेजारच्या प्राध्यापकाला दिला. दोघे उठून खिडकीजवळ गेले आणि माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते. परत येऊन बसले तेव्हा चेहरे पुन्हा कडक होते.

"हे सद्गृहस्थ काय करतात?" प्रमुखांनी विचारलं.

"कापूस पारखतात, सर."

"आणि माणसं?"

"जी माणसं कापूस आणतात तेवढीच, सर."

त्यांनी माझी नाडी पाहिली, छातीला कान लावला, जीभ पाहिली, दात मोजले. मग त्या प्राध्यापकाकडे वळून अगदी गंभीरपणे म्हणाले, "भेसळ आढळत नाही." आणि माझं नाव लिहून घेतलं.

तिथली वर्षं कशी गेली ते सांगण्याची ही जागा नव्हे. फाडलेल्या माणसांपुढे मी उभा राहिलो; पहिल्या दिवशी दोन्ही हातांनी टेबल धरून, पुढे टेबलाशिवाय. शिक्षण पुरं झाल्यावर मला अमरावतीच्याच दवाखान्यात नेमलं, त्याच कोकणी डॉक्टरांच्या हाताखाली. ते आता केसांनी पिकले होते आणि "करून राह्यलो" म्हणायला लागले होते.

पहिल्या हिवाळ्यात मी अकोल्याहून मौलवीसाहेबांना घेऊन आलो. बीबीही आल्या, बैलगाडीला चारी बाजूंनी पडदे लावून. डॉक्टरांनी मौलवीसाहेबांच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला, मी त्यांचं डोकं धरलं. माझ्या पाठीवरून घाम वाहत होता, कारण मौलवीसाहेब सबंध वेळ मला क्रियापदांची रूपं विचारत होते. "बोलते रहो," ते म्हणत. "तुम बोलते हो तो मुझे डर नहीं लगता." मी बोलत राहिलो. भूतकाळ झाला, भविष्यकाळ झाला, आणि काम संपलं.

पट्टी सुटल्यावर घरी जाताना डोळ्याची काळजी कशी घ्यायची ते मी त्यांना लिहून दिलं. कोणत्या कुशीवर निजायचं, पाणी कधी लावायचं, ऊन किती टाळायचं. आपल्या गुरूला पहिल्यांदा लिहितोय म्हणून मी चांगला जाड कागद घेतला आणि मन लावून उर्दूत लिहिलं. मौलवीसाहेबांनी जाड भिंगाचा चष्मा लावला, कागद उजेडाकडे धरला. कितीतरी वर्षांनी ते वाचणार होते. मला वाटलं, आता त्यांचे डोळे भरून येतील.

त्यांनी कागद उलटा धरला. मग सुलटा. मग आडवा.

"यह क्या है?"

"हिदायतें हैं, मौलवीसाहब. मी लिहिलीत."

"यह लिखा है? मैं समझा, स्याही में से मुर्गी गुज़र गई." त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. अक्षर तेच राहिलं. "इस हाथ से तुम पास हुए? परीक्षेवाल्याच्या डोळ्यालेही मोतीबिंदू होता का?" मग हळूहळू त्यांचं तोंड खोलीच्या कोपऱ्यात टांगलेल्या चादरीकडे वळलं. चादरीमागे बीबी सामान बांधत होत्या. "और तुम! साल भर कहती रहीं, दुरुस्त है, दुरुस्त है."

चादरीमागचं सामान बांधणं थांबलं. बांगड्या वाजल्या.

"शब्द दुरुस्त होते," बीबी म्हणाल्या. आजवर त्या माझ्या देखत वऱ्हाडी बोलल्या नव्हत्या. "अक्षराचं सांगतलं अस्तं तं तुमी पोट्ट्याले काढून देलं अस्तं. मंग तुमचा डोया कोनं पाह्यला अस्ता?"

मौलवीसाहेबांनी तो कागद नीट घडी करून खिशात ठेवला आणि मला म्हणाले, "चल, बस इथं. पाटी आन. अलिफ-बेपासून सुरू करू."

गाडी दाराशी जुंपून उभी होती. ती तासभर तशीच उभी राहिली.